वाळूमाशी ओळखायची कशी, घरातनं हटवायची कशी आणि जंगलात-परमुलखात कामाला जाताना काय सांभाळायचं

आज दिवेलागण झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं टॉर्च घ्या आणि गोठ्यात जा. घरात नंतर, आधी गोठ्यात. भिंतीवर टॉर्च समोरून मारू नका, भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा मारा, म्हणजे भिंतीवर जे काय बसलंय त्याची सावली लांब पडती आणि बारीकसा जीवसुद्धा लगेच दिसतो. खालून सुरुवात करा, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग डोक्यापर्यंत, भेगा बघा, देवळ्या बघा, गव्हाणीची मागची बाजू, दाराच्या चौकटीचा सांधा. तिथं एक मातकट पिवळसर रंगाची केसाळ माशी दिसली, डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, आणि तिनं पंख पाठीवर न मिटता इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे धरलेले असले तर ती वाळूमाशी. बोट जवळ नेलं की ती डासासारखी उडून लांब जात नाही, टुणकन उडी मारती आणि वीतभर अंतरावर परत भिंतीवरच बसती. ही उडी एकदा नीट बघा, मग तुम्हाला तिला ओळखायला दुसऱ्या कुणाची गरज पडणार नाही.

आमच्याकडं किनवट-माहूर पट्ट्यात तिला कोणी नावानं ओळखत नाही. माझी माय म्हणती, "चिलटं हायत रे, धूर कर जरा," शेजारचे आबा केमरं म्हणतात, आणि बाकीचे लोक बारका डास समजून सोडून देतात. पण चिलट वेगळं, ते डोळ्यापुढं घोंगावतं, पिकलेल्या फळावर बसतं, चावत नाही. वाळूमाशीचा आवाजच येत नाही. डास कानाशी गुणगुणतो म्हणून आपण झोपेतसुद्धा हात मारतो, ही मात्र गुपचूप येऊन घोट्याला, मनगटाला, मानेला चावून जाती आणि सकाळी बारीक लाल ठिपके दिसले की आपण म्हणतो बाजेत ढेकूण झालेत. नावातली वाळू तिच्या रंगामुळं आली, नदीच्या वाळूशी तिचा संबंध नाही.

चावती फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. एरवी नर-मादी दोघंही झाडाझुडपांचा गोड रस पिऊन जगतात. चावताना ती डासासारखी सोंड थेट रक्तवाहिनीत घालत नाही, तोंडातल्या बारीक पात्यांनी कातडी कापती, तिथं रक्ताचं एवढुसं थारोळं साचतं आणि ते ती पिती. आता तिनं आधी एखाद्या आजारी माणसाचं किंवा जनावराचं रक्त पिलेलं असलं आणि त्यात लिशमानिया नावाचा परजीवी असला, तर तो तिच्या पोटात काही दिवस वाढतो, वाढून वाढून तिच्या गळ्याची वाट तुंबवतो, आणि पुढच्या वेळी ती रक्त ओढायला लागली की तिला उलटल्यासारखं होऊन ते परजीवी आपल्या जखमेत पडतात. ह्यातून होतो तो लिशमानियासिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं दरवर्षी ७ ते १० लाख लोकांना नव्यानं होतो.

ह्याची तीन रूपं लक्षात ठेवा. एक, अंगातल्या प्लीहेत (डाव्या बरगडीखालचा अवयव) आणि यकृतात बसणारा, त्याला आपल्या देशात काळा आजार म्हणतात, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशचा पूर्व भाग हा त्याचा मुलूख. दोन, कातडीवर जखम करणारा, तो राजस्थानात बिकानेरकडं आहे, हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात आहे, आणि केरळात अगस्त्यमलाच्या जंगलात राहणाऱ्या काणी आदिवासींमध्येही सापडलेला आहे. तीन, नाक आणि तोंडाच्या आतला भाग खाणारा, तो मुख्यतः ब्राझील, पेरू, बोलिव्हिया ह्या देशांच्या जंगलांतला.

मग कोणी म्हणेल, आपल्या मराठवाड्यात ह्यातला एकही नाही तर आपण कशाला डोकं घालायचं. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं, आपली माणसं कामासाठी कुठंकुठं जातात, पुलाच्या साईटवर, बोगद्यावर, हार्वेस्टरवर, आणि काळा आजार सोबत घेऊन येऊ शकतात. दुसरं कारण घराजवळचं आहे, चंडीपुरा, म्हणजे लेकरांच्या मेंदूवर जाणारा ताप. १९६५ साली नागपूरच्या चंडीपुरा भागात तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना हा विषाणू सापडला म्हणून ते नाव, आणि तो पसरवण्यात मुख्य हात वाळूमाशीचाच धरला जातो. २००३ साली शेजारच्या आंध्रात ३२९ लेकरं आजारी पडली आणि त्यातली १८३ गेली. तेव्हाच्या आंध्रातला बराच भाग आजचा तेलंगणा आहे, आणि आमच्याकडून तर पलीकडं आदिलाबाद हाकेच्या अंतरावर आहे. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये परत साथ आली. आजार वेगळे, पण माशी एकाच खानदानातली, म्हणून तिला हटवायची रीतही एकच.

डासाचं गणित इथं लावू नका

हे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगतो कारण चूक इथंच होती. डेंगी आला की आपण हौद रिकामा करतो, कोरडा दिवस पाळतो, टायर-डबडी उचलतो, गप्पी मासे सोडतो. ते कराच, डेंगीसाठी ते बरोबरच आहे. पण वाळूमाशी पाण्यात अंडी घालत नाही. ती घालती ओलसर मातीत, जिथं शेण, कुजका पाला, वैरणीचा भुसा, उंदराच्या लेंड्या असं काहीतरी कुजतंय तिथं, भेगेच्या आत, गव्हाणीखाली, पडक्या भिंतीच्या बुडाला. तिची अळी मातीत राहती आणि इतकी बारीक की शिकलेल्या माणसालासुद्धा शोधून सापडणं अवघड. अंड्यापासून माशी व्हायला हवामानाप्रमाणं महिना-दीड महिना, कधी जास्तही लागतो.

पण ह्यातच आपल्या फायद्याची गोष्ट पण आहे. ती उडायला लई कमजोर असती. वारा जरा सुटला की तिला उडता येत नाही, आणि जन्मली तिथनं काही शे मीटरच्या पुढं ती सहसा जात नाही. म्हणजे तुमच्या घरात चावणारी माशी बहुतेक तुमच्याच गोठ्यात नाहीतर शेजारच्या पडक्या वाड्यात जन्मलेली असती. डासासाठी अख्ख्या गावाला एकदम हलावं लागतं, हिच्यासाठी दोन-चार घरांनी मिळून मन लावून काम केलं तरी फरक पडतो.

आधी मोजा: एरंडेलाचा कागद

काम सुरू करायच्या आधी माश्या किती आहेत आणि कुठं आहेत हे मोजून घ्या, नाहीतर नंतर फरक पडला का नाही कळणार कसं. ह्याला साधी युक्ती आहे आणि कीटकांचा अभ्यास करणारे लोक जगभर हीच वापरतात. झेरॉक्सचे पांढरे कागद घ्या, पाच-दहा. किराणा दुकानातलं एरंडेल तेल ब्रशनं दोन्ही बाजूंनी लावा, कागद आरपार दिसायला लागला पाहिजे एवढं, मग दोरीवर अर्धा तास टांगा म्हणजे जास्तीचं तेल निथळून जाईल. संध्याकाळी दिवस बुडायच्या आधी हे कागद लावा, एक गव्हाणीच्या मागं, एक गोठ्याच्या दाराशी, एक न्हाणीच्या बाहेर, एक झोपायच्या खोलीत बाजेखाली, एखादा उंदराच्या बिळाच्या तोंडाशी. जमिनीपासून हातभर उंचीच्या आत ठेवा, उंच टांगून उपयोग नाही. प्रत्येकावर जागा आणि तारीख पेन्सिलनं लिहा, पेनची शाई तेलात पसरती.

सकाळी ऊन तापायच्या आत कागद काढा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून बघा. मुंग्या, चिलटं, डास असं बरंच चिकटलेलं असतं, त्यात केसाळ अंग, मोठे काळे डोळे, लांब पाय आणि भाल्याच्या पात्यासारखे टोकदार पंख दिसले की ती मोजा. मी पहिल्यांदा लावले तेव्हा झोपायच्या खोलीत दोन निघाल्या आणि गोठ्यातल्या एका कागदावर सतरा. सतराच्या सतरा गव्हाणीमागच्या एका उभ्या भेगेजवळ. त्या भेगेत माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं, आत हात घातला तर थंडगार आणि दमट, बाहेर एप्रिलचं बेचाळीस डिग्री ऊन. दिवसभर ती तिथंच बसून राहती, हे मला त्या भेगेत बोट घातल्यावर कळलं, कुणी सांगून कळलं नसतं.

हे नुसत्या डोळ्यांनी बघून जात कोणती ते कळत नाही, कारण ह्यातल्या काही जाती पाली-सरड्यांचं रक्त पिणाऱ्या असतात. नक्की करायचं असलं तर माश्या काडीच्या टोकानं उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा हिवताप अधिकाऱ्याच्या ऑफिसला द्या. पण भेगा बुजवायला जात कळायची वाट बघू नका.

भेगा, गोठा, उकिरडा

आपल्याकडची जुनी माळवदाची घरं उन्हाळ्यात गार असतात, त्याचं कारण जाड मातीच्या भिंती, आणि वाळूमाशीला पण तेच आवडतं. घर पाडा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः माळवदातच राहतो. भेगा बुजवा. अक्षय तृतीया झाली की मृगाच्या आधी हे काम उरका, पावसात माती वाळत नाही. आधी भेगेच्या कडेची सुटी माती खुरप्यानं खरवडून काढा, आत साचलेला भुसा, जाळं, लेंड्या बाहेर ओढा आणि ते जाळा, तिथंच टाकू नका. मग भेगेत पाणी शिंपडा, नाहीतर नवी माती धरत नाही आणि आठ दिवसात परत सुटती. मातीत चुना मिसळून घट्ट गोळा करा आणि आतपर्यंत दाबून भरा, नुसतं वरून लिंपू नका. वाळल्यावर बारीक तडा पडतोच, तेव्हा वरून दुसरा पातळ हात द्या. बिहारमध्ये चुना-मातीचा गिलावा केलेल्या घरांत वाळूमाश्या कमी झाल्याचं तपासून बघितलेलं आहे. भेग भरायला नुसतं शेण वापरू नका, कारण अळीचं खाणं तेच.

कुठून सुरुवात करायची? भिंत आणि जमीन जिथं मिळते तो सांधा सगळ्यात आधी. मग कमरेपर्यंतचा भाग, मग सहा फुटांपर्यंत. ही माशी खालच्या अंगालाच उड्या मारत राहती, म्हणून माळवदाच्या वरच्या कडीपाटाची घाई नाही. देवळ्यांना आतून चुना मारा. उंदराची बिळं दगड-सिमेंटनं बंद करा, उंदीर गेला की त्याच्या बिळातली ओल आणि घाण पण जाती.

गोठ्याचं बोलायचं तर शेण रोज सकाळी उचला, एक दिवसाआडसुद्धा नको. जनावराच्या मुताला ढाळ काढून चारी करून द्या, गव्हाणीखाली ते मुरत राहतं आणि वर भुसा पडतो, एवढं तिला पुरतं. कडबा भिंतीला टेकवून रचू नका, हातभर जागा सोडा म्हणजे मागं झाडता येतं. एखादा पत्रा काढून तिथं उजेडाची सोय करा, ऊन आणि वारा हिला सोसत नाही. उकिरडा घराच्या भिंतीला लागून असंल तर तो लांब न्या, आणि हे मला माहितीये की जागा नसती, भाऊबंदकीची भांडणं असतात, तरी निदान झोपायच्या खोलीच्या बाजूनं तरी नको. शेजारी पडका वाडा असला आणि मालक पुण्याला राहत असला तर त्याला फोन करून सांगा, नाहीतर ग्रामपंचायतीत अर्ज द्या.

आता फवारणी. गावात धुराची गाडी फिरते तेव्हा सगळ्यांना बरं वाटतं, पण भेगेत बसलेल्या माशीपर्यंत तो धूर पुरेसा पोचत नाही. हिच्यावर चालती ती भिंतीवर औषधाचा थर बसवणारी घरातली फवारणी, सहा फूट उंचीपर्यंत भिंती आणि अख्खा गोठा. आधी डीडीटी मारायचे, आता सिंथेटिक पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक मारतात. १९५० च्या आसपास मलेरियासाठी देशभर डीडीटी मारलं तेव्हा काळा आजार जवळपास संपला होता, फवारणी थांबली आणि १९७० नंतर बिहारात तो परत उसळला. ह्यावरून भिंतीवरच्या औषधाची ताकद कळती. कर्मचारी फवारणीला आले तर "देवघर सोडा, स्वयंपाकघर सोडा" म्हणू नका, भांडी आणि धान्य झाकून सगळ्या खोल्या मारून घ्या, आणि नंतर दोन-तीन महिने त्या भिंतीला सारवू नका, रंग देऊ नका, नाहीतर औषध झाकून जातं.

आणि हात जोडून सांगतो, कपाशीचं, तुरीचं औषध घरात मारू नका. पंप घरात आहे, बाटली उरलेली आहे, म्हणून लोक मारतात. २०१७ साली यवतमाळात उघड्या शेतात फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली, बंद खोलीत लेकरं झोपत असताना त्याचं काय होईल विचार करा.

झोपताना

मच्छरदाणी लावतो म्हणजे झालं असं समजू नका. साध्या मच्छरदाणीचं छिद्र एक-दीड मिलिमीटरचं असतं आणि वाळूमाशी अंगानं इतकी सडपातळ की त्यातून सरळ आत येती. जाळी तपासायची असली तर स्वयंपाकघरातून चिमूटभर खसखस आणा आणि जाळीवर टाका. खसखस गळून खाली पडली तर ती जाळी हिला अडवणार नाही. बारीक जाळी घ्यावी तर आपल्या मे महिन्यात आत जीव गुदमरतो, हे खरंय, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी जास्त कामाची, माशी जाळीवर बसली की औषध लागून मरती. सोबत टेबल फॅन बाजेच्या उंचीला ठेवा, छताचा नाही, टेबलाचा, पायाकडून डोक्याकडं वारा जाईल असा. वाऱ्यात तिला उतरता येत नाही. लाईट गेली की पंखा बंद, म्हणून मच्छरदाणी आणि पंखा दोन्ही.

जमिनीवर गोधडी टाकून झोपण्यापेक्षा बाज बरी, अंगणात गोठ्याला लागून झोपण्यापेक्षा धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, वाऱ्यात बरं. लेकरांना संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे आणि पायभर कपडे घाला. अंगाला लावायला डीट (डास-माशी पळवणारं औषध) असलेलं मलम चालतं, लेबल वाचून लहान लेकरांना किती वयापासून ते बघून लावा. घरगुती उपाय पाहिजे असंल तर खोबरेल तेलात दोन टक्के कडूनिंबाचं तेल, म्हणजे शंभर मिलीत दोन मिली, हे आपल्याच देशात वाळूमाशीवर करून बघितलेलं आहे. आधी हातावर थोडं लावून बघा, आग झाली तर सोडून द्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीड-धाराशिवकडच्या लोकांचं काय, कोपीला ना भिंत ना दार, बैल बाजूलाच बांधलेले. तिथं निदान बैल कोपीच्या तोंडाशी न बांधता वाऱ्याच्या दिशेनं जरा पलीकडं बांधा, रात्रीचं शेण सकाळी लांब टाका आणि लेकरांसाठी एक तरी औषधाची मच्छरदाणी सोबत न्या.

जंगलात जाताना

गावातली माशी गोठ्यात, जंगलातली कुठं? झाडाच्या बुंध्याशी, मुळांच्या खोबणीत, वारुळात, साळिंदर-उंदरांच्या बिळात, कुजलेल्या पाल्याच्या थरात. तिथं माणूस नसताना पण आजार चालूच असतो, माशी रानातल्या जनावरांना चावती, त्यांच्यात परजीवी फिरत राहतो, आणि मग माणूस मध्येच जाऊन बसतो. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलात च्युइंगमसाठी झाडाचा चीक काढणाऱ्या कामगारांना कानाच्या पाळीला न भरणारी जखम व्हायची, तिला चीक काढणाऱ्यांची जखम असंच नाव पडलं, इतकी ती त्यांची ओळख झाली. कान झिजून जायचा. कामगार झाडाला चिकटून काम करायचे आणि माशी तिथंच बसलेली.

म्हणून सांगायचं ते असं, की संध्याकाळी झाडाच्या बुंध्याला टेकून बसू नका. किनवटच्या जंगलात मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, गौताळा अभयारण्यात कॅम्पला गेल्यावर, कुठंही. आपल्या जंगलात हा आजार नाही, पण सवय लागलेली चांगली, आणि केरळात किंवा अमेझॉनकडं कामाला, शिकायला जाणाऱ्यांना तर हे पाठच पाहिजे. मुक्काम मोकळ्या, वारं लागणाऱ्या जागी टाका, बिळं आणि वारुळं आधी बघून घ्या. तंबू तळ असलेला आणि बारीक जाळीचा घ्या, संध्याकाळच्या आत चेन बंद. पँट मोज्यात खोचा, बाह्या खाली, उघड्या अंगाला डीट. चावायचा मुख्य वेळ दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत, पण दिवसा बुंधा हलवला, पाला उकरला तर ती तेव्हाही चावती.

परत आल्यावर कुठं पुळी आली आणि ती काही आठवडे भरत नसंल, मध्ये खड्डा आणि कडा उंच, दुखत मात्र नाही, तर मलमं बदलत बसू नका, कातडीच्या डॉक्टरला दाखवा आणि कोणत्या जंगलात होतो ते सांगा. दक्षिण अमेरिकेतनं आलेल्यांनी तर जखम भरली तरी नाकातून रक्त, नाक चोंदणं असं कित्येक वर्षांनी सुरू झालं तरी ही गोष्ट डॉक्टरच्या कानावर घालावी.

ताप आला तर

दोन ताप आहेत, दोन्हीची घाई वेगळी. पावसाळ्यात लेकराला अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके, गुंगी आली तर तो चंडीपुरा असू शकतो, तिथं दिवस काय तास पण मोजायचे नाहीत, १०८ ला फोन करून मोठ्या दवाखान्यात न्या. त्यावर खास औषध नाही, लस नाही, पण झटके थांबवणं आणि मेंदूची सूज सांभाळणं वेळेवर झालं तर लेकरू वाचू शकतं. अंगारे-धुपारे करत रात्र काढू नका.

काळा आजार मात्र सावकाश येतो. माशी चावल्यावर बहुतेक वेळा दोन ते सहा महिन्यांनी. आणि तोवर माणूस घरी परत आलेला असतो.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. तो पोकलेन चालवतो, बिहारमध्ये एका पुलाच्या साईटवर होता, गावाजवळ गुरांच्या गोठ्याला लागून खोली होती. दिवाळीला आला तेव्हा ठणठणीत. संक्रांतीला तापानं धरलं. एका खाजगी दवाखान्यात टायफॉइड म्हणून सलाईन, मग दुसऱ्या ठिकाणी मलेरियाच्या गोळ्या, ताप चार दिवस कमी आणि परत. मला फोन केला, "दादा, ताप काय उतरंना, आन भूकच लागंना." मी गेलो तर पट्टा दोन छिद्रं आत गेलेला आणि तरी पोट डाव्या बाजूला फुगलेलं, हात लावला तर बरगडीखाली कडक. मावशी म्हणाली, "वारं धरलंय त्याला." महिना झाला होता तापाला. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फाईल बाजूला ठेवून विचारलं, मागच्या वर्षभरात कुठं कुठं राहिलात? त्यानं जिल्ह्याचं नाव सांगितल्यावर त्यांनी लगेच आर-के-३९ ची, म्हणजे काळा आजार तपासायची पट्टी मागवली. बोटाच्या थेंबभर रक्तावर पंधरा-वीस मिनिटात दोन रेघा आल्या, म्हणजे काळा आजारच. एवढीशी तपासणी, आणि आम्ही महिनाभर हिंडत होतो, कारण कुणी विचारलं नाही आणि आम्हाला सांगायचं सुचलं नाही.

लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी नावाचं औषध सलाईनमधून दिलं. आठवड्यात ताप गेला, महिन्या-दोन महिन्यांत पोट आत गेलं. उपचार न घेता सोडलेला काळा आजार बहुतेक सगळ्यांचा जीव घेतो, आणि वेळेवर धरला तर असा बरा होतो. १९०३ साली मद्रासमध्ये डोनोव्हान आणि इंग्लंडात लिशमन ह्या डॉक्टरांनी हा परजीवी दाखवला, १९२० च्या दशकात कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी युरिया स्टिबामाइन हे औषध शोधून असंख्य लोकांचे जीव वाचवले, पण तो वाळूमाशीच्या चाव्यातनं येतो हे पक्कं व्हायला १९४२ उजाडलं, आसाममध्ये. मधे अडलं होतं काय, तर एकदा रक्त पाजलेल्या माश्या परजीवी पुरता वाढायच्या आतच मरायच्या. मग त्यांना मनुक्यांचा रस पाजून जगवलं, तेव्हा परजीवी त्यांच्यात नीट वाढला. मला ह्या मनुक्यांचं फार नवल वाटतं.

तर परमुलखात कामाला जाणाऱ्याच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. राज्य, जिल्हा, गाव, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, खोली कशी होती, जवळ गोठा होता का. ताप दोन आठवड्यांच्या वर गेला, सोबत वजन उतरतंय, पोट डावीकडं जड वाटतंय, तर ही चिठ्ठी डॉक्टरपुढं ठेवा आणि स्वतःहून विचारा, काळ्या आजाराची पट्टी करायची का. आधी एकदा काळा आजार होऊन गेला असंल तर तेही लिहा, कारण ही पट्टी बरं झाल्यावर पण कित्येक वर्षं दोन रेघा दाखवत राहती, तेव्हा मग दुसरी तपासणी लागती.

बरं झाल्यावर पण एक काम उरतं. काही जणांना सहा महिन्यांनी, वर्षानं, कधी त्याहून उशिरा चेहऱ्यावर, हातावर, पाठीवर फिकट चट्टे किंवा गाठी येतात. त्यानं माणसाला दुखत-खुपत नाही म्हणून तो गप्प बसतो, लोक कुष्ठरोग समजून कुजबुजतात. ह्या चट्ट्यावर स्पर्श कळतो, कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर सहसा बधिर असतं, पण ओळख डॉक्टरकडूनच करून घ्या. त्या चट्ट्यांत परजीवी असतो आणि तिथं चावलेली वाळूमाशी तो पुढं नेऊ शकते, आपल्या गावातलीसुद्धा, कारण भारतात काळा आजार माणसाकडून माणसाकडं जातो आणि तो नेणारी माशीची जात देशात बऱ्याच भागात आहे. म्हणून आम्ही मावसभावाला दर दोन-तीन महिन्यांनी सकाळी अंगणात शर्ट काढून उन्हाकडं पाठ करून बसवतो, वहिनी बोटानं मानेपासून कमरेपर्यंत बघत येती आणि मी मोबाईलवर फोटो काढून आधीच्या फोटोशी लावून बघतो. मागच्या वेळपर्यंत काही नव्हतं.